तीन वेळा घर बंद

ता. ३, सोमवार

नववी 'ब'मधल्या त्या मुलीचं नाव पटावरून कमी झालं आहे. आज दुपारी शाळेच्या लिपिकांनी हे सांगितलं, तेही मी दुसरंच काही विचारायला गेले होते म्हणून. शेरा 'स्थलांतरित'. तारीख मागच्या महिन्याची अठ्ठावीस. त्याच दिवशी अशी एकूण अकरा नावं गेली आहेत.

"स्थलांतरित म्हणजे गेली कुठे?" मी विचारलं.

"ते आमच्या रकान्यात येत नाही, बाई," ते म्हणाले आणि चहाच्या कपावर बशी झाकून ठेवली.

मुलगी कुठेही गेलेली नाही. तिच्या बाकावरची मैत्रीण मधल्या सुट्टीत भेटली, तिला विचारलं. म्हणाली, "कालच दिसली की. खिडकीत उभी होती. मी हात केला, तिनं पण केला." घर तेच, खिडकी तीच.

मग फाइल मागितली. आत माझेच तीन फॉर्म, एकाखाली एक टाचलेले. तिन्हींवर माझ्या अक्षरात 'घर बंद' आणि खाली माझी सही. सलग गैरहजर मुलांच्या घरी जायचं, कारण शोधायचं, मूल वर्गात आणून बसवायचं, हे माझं काम. सहा वर्षं करतेय. मुलं मला 'घरभेट बाई' म्हणतात. मागून आणखी काय म्हणतात ते मला माहीत नाही, जाणून घ्यायची इच्छाही नाही. पण 'घर बंद' म्हणजे 'गाव सोडलं' असं मी कुठेही लिहिलेलं नाही. फॉर्मच्या तळाशी एक ओळ आहे : 'तीन भेटींत घर बंद आढळल्यास विद्यार्थी स्थलांतरित समजावा.' फॉर्म मीच दोन वर्षांपूर्वी तयार केला, हे खरं. ती ओळ लिपिकांनी सुचवली होती आणि छपाईला उशीर होत होता म्हणून मी मान डोलावली. पण म्हणून काय एखाद्या मुलीवर रेघ मारायची?

वार्षिक परीक्षेच्या याद्या एकवीस तारखेला, शुक्रवारी दुपारी दोन वाजता बंद होतात. तोवर नाव पटावर आलं नाही तर तिचं वर्ष गेलं. नववीत वर्ष गेलेली मुलगी परत शाळेत आल्याचं मी सहा वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही.

ताईचा फोन येऊन गेला. उद्या करेन.

ता. ४, मंगळवार

मुख्याध्यापकांकडे गेले. शिक्षकांच्या खोलीत त्यांचं नाव 'टक्के' आहे. त्यांना मुलगा आजारी म्हणून सांगितलं तरी विचारतात, किती टक्के बरा आहे.

"बसा, बाई. रागावलेल्या दिसता."

"एका दिवसात अकरा नावं उडवलीत, सर."

"उडवली नाहीत. पट स्वच्छ केला."

"मुलं म्हणजे काय जळमटं आहेत?"

ते हसले. राग आला की मी बोलते आणि ते हसतात, हे आमचं ठरलेलं आहे. मग त्यांनी कागद पुढे सरकवला. हजेरी साडेएकोणनव्वद टक्क्यांवरून एक्याण्णववर गेली आहे. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. नव्वदच्या खाली राहिलेल्या शाळांचे वर्ग दुसऱ्या शाळांना जोडणार आहेत. "नऊशे मुलांची शाळा वाचवू की अकरा नावं? तुम्हीच सांगा."

याचं उत्तर घरी भांडी घासताना सुचलं : ती अकरा त्या नऊशेतलीच आहेत. आता कढईला ऐकवून काय उपयोग?

"आणि यात माझी सही कुठे आहे?" ते म्हणाले. "तीन भेटी तुमच्या, तीन सह्या तुमच्या. मी तुमच्यावर विश्वास ठेवला, हा गुन्हा झाला का?" चोराच्या उलट्या बोंबा. अंगाचा नुसता तिळपापड झाला. नाव परत घ्यायचं तर काय करावं लागेल, तेवढं विचारलं. मुलगी त्याच पत्त्यावर राहते असा भेटीचा फॉर्म, पालकांची सही आणि मग समितीची बैठक. समिती एकवीसलाच बसते, अकरा वाजता. म्हणजे यादी बंद व्हायच्या तीन तास आधी.

ठीक आहे. फॉर्म आणि सही. दोन दिवसांचं काम.

ता. ६, गुरुवार

पावणेबाराला तिच्या घरी पोचले. खाली शिवणकामाचं दुकान, वर तिसऱ्या मजल्यावर शेवटचं दार. दाराला बाहेरून कुलूप. चौथ्यांदा तेच कुलूप पाहून डोक्यात तिडीकच गेली. मैत्रिणीने थाप मारली असणार, असं म्हणून वळले, तेवढ्यात आतून आवाज आला. मुलीचा. ठाम, एखाद्या शिक्षिकेसारखा.

"आजोबा, इथे सही करा. रजा मंजूर झालीय."

मग म्हाताऱ्या माणसाचा. "आणि पावणेसातची गाडी?"

"दुसरे ड्रायव्हर घेऊन गेले. तुम्ही बसा."

मी दार ठोठावलं. आत एकदम शांतता. मी पुन्हा ठोठावलं आणि ओरडले, "मी ऐकलंय सगळं! शाळेतून आलेय."

दाराच्या अगदी जवळून ती म्हणाली, "माहितीये. तुम्ही दोनदा हळू मारता आणि एकदा जोरात. याआधी तीनदा आला होतात."

"मग बोलली का नाहीस, मुली?"

"आईने सांगितलंय. बाहेर कुलूप असलं की आपण घरात नसतो."

आतून आजोबांनी विचारलं, "कोण आहे, मास्तर?" ते नातीला मास्तर म्हणतात, गाडीवरच्या कंडक्टरला म्हणत तसं. ती म्हणाली, "तिकीट तपासनीस आहेत, आजोबा. जातायत."

दाराखालून तिने एक कागद सरकवला. 'आज आपली रजा मंजूर करण्यात येत आहे. कृपया घरी विश्रांती घ्यावी. आपला विश्वासू, डेपो प्रमुख.' खाली हाताने काढलेला गोल शिक्का. अक्षर असं, की फळ्यावर लिहून ठेवावं. रोज सकाळी ती असा एक लिहिते. कालचा चालत नाही, ते तारीख वाचतात. आयुष्यभर बस चालवली त्यांनी. आता सकाळ झाली की डेपोत निघतात. आतली कडी त्यांना काढता येते, म्हणून आई बाहेरून कुलूप लावते. चार महिन्यांत दोनदा मोठ्या रस्त्यावर सापडले. एकदा भर चौकात उभे राहून गाड्यांना हात दाखवत होते.

"अगं पण आग लागली तर?"

"शिंपीणकाकूंकडे दुसरी किल्ली आहे. खाली."

मी खाली गेले. शिंपीणबाईंच्या तोंडात दोन टाचण्या होत्या, त्या काढून त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. मागच्या भेटीत मी यांनाच विचारलं होतं, वर कोणी आहे का. तेव्हा म्हणाल्या होत्या, "कुलूप दिसत नाही का?"

"किल्ली तुमच्याकडे आहे हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कुठे विचारलंत? गळ्यात पट्टा, हातात रजिस्टर. आम्हाला वाटलं जागा खाली करायला आल्यात. अशा बाईला किल्ली दाखवतं का कोणी?"

मी किल्ली मागितली. त्या उठल्याही, पण वरून मुलगी खिडकीतून म्हणाली, "काकू, नको, आजोबांनी चपला घातल्यात." म्हणजे दार उघडलं की निघालेच. मी जिन्यात बसून फॉर्म भरला. 'भेट झाली' यावर खूण करताना हात थांबला. दार बंद, मी बाहेर, मूल आत. पण अशा भेटीसाठी फॉर्मवर चौथा रकाना नाही.

राग कोणाचा आला म्हणावं? आईचा. पोटच्या पोरीला कोंडून ठेवणारी ही कसली आई? पोरीच्या जिवाची नाही, निदान म्हाताऱ्याच्या जिवाची तरी काळजी हवी. पालकांना एक शब्द येऊन सांगता येत नाही आम्हाला? आम्ही कशाला बसलोय?

ता. ७, शुक्रवार

ताईचे दोन फोन. दुसरा घेतला. तिची दाढ ठणकतेय, डॉक्टरांनी पुढच्या बुधवारची वेळ दिलीय, मी दोन तास आईजवळ येऊन बसेन का. आईला एकटी सोडता येत नाही हे मलाही कळतं, पण ताई माझ्या कामाचा दिवसच कसा निवडते? तिला सांगितलं, सध्या एका मुलीचं वर्ष टांगणीला लागलंय. "बरं," म्हणाली. तिला 'बरं' असं म्हणायची सवय आहे. तिचं बरं आहे, ती घरीच असते.

ता. ८, शनिवार

मुलीची आई भेटली. ती रुग्णालयाच्या धुलाईखान्यात सकाळच्या पाळीला असते, साडेसहा ते एक. मागच्या फाटकाशी उभी राहिले. बायका बाहेर पडल्या, सगळ्यांचे हात पाण्यात राहून पांढरे पडलेले. ही उंच, भरभर चालणारी. मी ओळख सांगितली तरी चाल कमी केली नाही. मीच पळत राहिले.

"मुलीला कोंडून ठेवता तुम्ही. हा गुन्हा आहे, माहितीये?"

"माहितीये." चालता चालताच. "दुसरं काय करू तेवढं सांगा. नवरा सोडून गेला आणि सासरे ठेवून गेला. मी घरी बसले तर तिघं काय खाणार? सासऱ्यांना घेऊन कामावर जाऊ? चादरींबरोबर फिरवू त्यांना मशिनीत?"

"शाळेला सांगायचं होतं."

तेव्हा ती थांबली. "तुम्ही घरी किती वाजता येता, बाई?"

"अकराच्या पुढे. अकरा ते पाच माझी ड्यूटी."

"अकरा वाजता कोणाची घरं उघडी असतात? ज्यांना गरज नाही त्यांची. उंटावर बसून शेळ्या हाकता आणि वर मला गुन्हा शिकवता!"

बाकीच्या बायका थांबून ऐकत होत्या. एक जण हसली. मी म्हटलं, भांडायला आलेले नाही, तिचं नाव परत घ्यायचंय, या कागदावर सही हवीय.

"सही? एका अर्जावर दिली होती सही. त्याचं काय झालं ते सांगा आधी."

"कुठला अर्ज?"

"दुपारच्या वर्गात घ्या म्हणून. दोन महिने झाले. मी दीडच्या आत घरी असते. मी आले की ती निघू शकते. तुमच्या शाळेत दुपारचे वर्ग आहेत की नाही?"

आहेत. नववी 'ड', दोन ते साडेसहा. मी म्हटलं, असा अर्ज आला असता तर मला कळलं असतं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा तिने शिवी दिली असती तरी चाललं असतं. मग सही केली. कागद परत देताना म्हणाली, "मुकादम दुपारच्या पाळीला मुलगी शोधतोय. तिचं नाव शाळेतून गेल्याचं त्याला कोणीतरी सांगितलं. म्हणाला, घेऊन ये, वय सोळा सांग. मी त्याला वर्षभर नाही म्हणत आले. शाळेतच नाव नसेल तर कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

अर्ज शिपायाने हरवला असणार. किंवा लिपिकांनी. सोमवारी एकेकाला धरते.

ता. १०, सोमवार

शिपाई म्हणाला, "बाई, तुमच्याच टेबलावर ठेवला होता. तुमच्या नावाचाच होता." मी त्याला बरंच बोलले. तो म्हणाला, "निळ्या फाइलीत बघा."

निळी फाइल माझी आहे. तिच्यावर 'भेटीनंतर' अशी चिठ्ठी लावलेली आहे. पालक काहीही लिहितात, कोणाला वर्ग बदलून हवा, कोणाला बाक. म्हणून मी पहिल्या वर्षीच ठरवलं होतं, की घरभेट होऊन खरं-खोटं कळेपर्यंत कोणतीही मागणी पुढे पाठवायची नाही. प्रशिक्षणात मी ही पद्धत इतरांनाही शिकवली. लोकांनी वहीत उतरवून घेतली.

वरून सातवा कागद. अक्षर मुलीचं, ते शिक्क्याच्या कागदावरचंच. 'घरी आजारी माणसाजवळ सकाळी थांबावे लागते. मी एक वाजता सुटते. तरी माझ्या मुलीला दुपारच्या वर्गात घ्यावे, ही विनंती.' आईची सही. कोपऱ्यात माझ्या अक्षरात : 'भेटीनंतर'.

म्हणजे मी अर्ज उघडणार भेट झाल्यावर. भेट होणार घर उघडं असल्यावर. घर उघडं असणार मुलगी दुपारच्या वर्गात गेली तर. आणि कुलूप तीनदा पाहिलं, की ती गावातच नाही.

दोन महिने. एका सहीने सुटणारं होतं.

पाच वाजेपर्यंत खोलीतून बाहेर आले नाही. शिपायाने दार लोटून विचारलं, बरं वाटत नाही का. त्याची माफी मागायला हवी होती. मागितली नाही. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या तरी मागेन.

फाइलीत आणखी बारा कागद आहेत. एकही उघडलेला नाही.

ता. १३, गुरुवार

तपासणी झाली. एक्याण्णव टक्के. शाबासकी मिळाली. सकाळी सूचनाफलकावर टक्क्यांनी पत्रक लावलं, सगळ्यांचे आभार, आणि खाली ठळक अक्षरात 'विशेषतः घरभेटींचे अहवाल वेळेत व अचूक सादर केल्याबद्दल समाजकार्यकर्त्या बाईंचे अभिनंदन.' दोघी शिक्षिका येऊन हात मिळवून गेल्या. मी हात दिला. दुसरं काय करणार होते?

दुपारी पत्रक फाडून आणलं आणि इथे या पानात ठेवलंय.

शिपायाची माफी मागितली. म्हणाला, "जाऊ द्या बाई, ओरडायला आमच्याशिवाय आहे कोण तुम्हाला."

संध्याकाळी सहाला निघाले. उरलेल्या दहा पत्त्यांपैकी चार ठिकाणी गेले. तीन घरं उघडी. एका घरात मुलगा जमिनीवर पालथा पडून अभ्यास करत होता. पटावर नसलेल्या वर्गाचा अभ्यास. त्याची आजी म्हणाली, "शाळेला सुट्टी आहे ना अजून?" मी तिला काय सांगितलं ते लिहिण्याचं धाडस नाही.

घरी आले तर हे म्हणाले, "आता संध्याकाळीही ड्यूटी का?" मी म्हटलं, ड्यूटी आताच सुरू झालीय. जरा जास्तच मोठ्याने म्हटलं असावं. मुलं अभ्यासाच्या टेबलावरून बघायला लागली.

ताई काल एकटीच गेली दाढ काढायला. आईला शेजारच्या काकूंकडे बसवलं. तिकडे आईने रडून गोंधळ घातला म्हणे. मी नसल्याने माझ्यावर राग नको काढू म्हटलं, तर म्हणाली, "राग नाही गं. तुझी ती मुलगी मिळाली का?" सांगितलं थोडक्यात. मग म्हणाली, "त्या पोरीला विचार, तिला दिवसात कधी बाहेर पडता येतं." ताईला काहीतरी भलतंच सुचतं. मी नाव परत आणण्याच्या धावपळीत आहे.

ता. १७, सोमवार

फॉर्म, पालकांची सही आणि जुना अर्ज असं सगळं टक्क्यांपुढे ठेवलं. त्यांनी अर्जाच्या कोपऱ्यातला माझा शेरा वाचला आणि चष्मा काढला.

"हे समितीपुढे ठेवणार तुम्ही?"

"हो."

"म्हणजे चूक तुमची निघते."

"आहेच माझी."

"नुसतं तोंडी चालायचं नाही. आधीचे तीन अहवाल चुकीचे होते, असं लेखी लागेल. पुढच्या महिन्यात तुमची नेमणूक नव्याने व्हायचीय, हे मी आठवण म्हणून सांगतोय. धमकी म्हणून नाही." खरं तर आवाज मऊ होता. तेवढाच त्यांचा राग येतो, की ते वाईट बोलत नाहीत. "आणि बाई, एक नाव परत घेतलं तर बाकीच्या दहांचं काय?"

"तेच विचारायला आले होते मी."

"पुढच्या बैठकीत बघू."

"पुढची बैठक यादी बंद झाल्यावर आहे."

त्यांनी खांदे उडवले. मी टेबलावर हात आपटला. पेनांचा डबा खाली पडला. मी तो उचलला नाही, त्यांनी वाकून एकेक पेन उचललं आणि त्या वेळात मी त्यांच्याच टेबलावर पत्र लिहिलं. 'माझे तिन्ही अहवाल चुकीचे आहेत. मी कामाच्या वेळेत गेले, ती त्या कुटुंबाची कामाची वेळ होती. पालकांचा अर्ज माझ्याकडे पडून होता. विद्यार्थिनी कधीही स्थलांतरित झालेली नाही.' उरलेल्या दहांसाठी दुसरा कागद. उघड्या सापडलेल्या तीन घरांचे फॉर्म जोडले आणि उरलेल्या सात भेटी गुरुवारपर्यंत देते असं लिहिलं. पोच मागितली. लिपिकांनी शिक्का मारताना हळूच विचारलं, "बाई, तळाची ती ओळ मी सुचवली होती, ते तर नाही ना लिहिलं?"

"नाही. मान मी डोलावली होती."

ता. १९, बुधवार

अंगात ताप. काल संध्याकाळी तीन घरं झाली, तिन्ही उघडी. तापातही आज उरलेली चार. तीन उघडी. एक खरंच गाव सोडून गेलेलं, शेजाऱ्यांनी नवा पत्ता दिला. म्हणजे अकरांत एक शेरा खरा निघाला. टक्क्यांना सांगेन, नऊ टक्के अचूक.

ता. २०, गुरुवार

सकाळी साडेपाचला त्यांच्या घरी गेले, आई निघायच्या आधी. पहिल्यांदाच ते दार उघडं पाहिलं. एक खोली, ओटा, खाट, भिंतीला लावलेलं टेबल. आजोबा दाढी करून, केस विंचरून तयार. त्यांनी माझ्याकडे पाहून नातीला विचारलं, "मास्तर, या कुठे उतरणार?"

"शेवटच्या स्टॉपला," ती म्हणाली.

तिला प्रथमच समोरून पाहिलं. मला वाटलं होतं किरकोळ असेल. आईसारखीच उंच आहे. माझ्याशी नीट बोलली, पण बसा म्हणाली नाही. मी तिची माफी मागितली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "चौथ्या वेळी तुम्ही परत का नाही गेलात?" मी खरं ते सांगितलं, की निघालेच होते. ती मान हलवून पुन्हा कागदावर शिक्का काढायला लागली.

उद्याच्या बैठकीला विद्यार्थिनी आणि पालक दोघींनी हजर राहायला हवं, नाहीतर प्रकरण पुढे ढकलतात. आईने चार तासांची सुट्टी मिळवलीय, मुकादमाने तोंड वाकडं करून दिली. प्रश्न आजोबांचा होता. शिंपीणकाकूंना उद्या दुकान सोडता येत नाही. आई म्हणाली, "मग मी एकटी जाते. ढकललं तर ढकललं." मी म्हटलं, मी बसते त्यांच्याजवळ.

"आणि बैठकीत कोण बोलणार?"

"माझं पत्र आहे. तुम्ही दोघी आहात."

आई मला सगळं सांगायला लागली, भराभर, जणू काम हातावेगळं करतेय. चपला खाटेखाली ठेवायच्या, दिसल्या की घालतात. गाडीची किल्ली मागितली तर म्हणायचं डेपोत जमा आहे. रडायला लागले तर हात धरायचा नाही, नुसतं शेजारी बसायचं. "आणि कुलूप?" शेवटी म्हणाली. "तुम्ही आत असताना कसं लावू?"

त्यांना आतली कडी काढता येते. मला ते आवरतील असं वाटत नाही. मी म्हटलं, लावा.

समितीत पाच जण. वाचनालयाच्या बाई आणि पालकांचे प्रतिनिधी आमच्या बाजूने आहेत, दोघांना भेटून आलेय. टक्के आणि त्यांच्या शब्दाबाहेर नसलेले उपमुख्याध्यापक विरुद्ध जातील. पाचवे नववी 'ब'चे वर्गशिक्षक. आज जिन्यात दिसले, मला टाळून दुसरीकडे वळले. माझं पत्र लिपिक वाचून दाखवणार आहेत. बाकीच्यांचा विषय पत्रिकेवर नाही, पण सातही फॉर्म आज दिले आणि पालकांच्या प्रतिनिधींनी तो ऐनवेळी मांडायचं कबूल केलंय. माझी नेमणूक राहिली नाही तर कोणी काय करेल हे माहीत नाही. आज त्याचा विचार करायला मन होत नाही, नुसता संताप येतोय.

सव्वादहाला त्या दोघी निघतील. अकराला बैठक. दोनला यादी बंद. काहीही ठरलं तरी सोमवारी आई एकला सुटून घरी येईल आणि दीडच्या सुमारास मुलगी दप्तर किंवा डबा घेऊन घराबाहेर पडेल. शाळेत गेली तर नववी 'ड', पहिला तास भूगोलाचा. धुलाईखान्यात गेली तर दुपारची पाळी. मुकादमाने तिचं नाव वहीत आधीच लिहून ठेवलंय. त्याला तीन भेटी लागल्या नाहीत.